मानवलेलं अंग

भोपळ्याची साल काढता काढता नोमाखायानं एकदम फुमेझाचं मनगट धरलं. धरलं म्हणजे नेहमीसारखंच, हसता हसता. कुणाच्या तरी सुनेची गोष्ट चालली होती आणि नोमाखायाला हसू फुटलं की जवळचं काहीतरी धरावंच लागायचं. खांदा, मांडी, शेजारणीच्या हातातली सुरीसुद्धा. पण या वेळी तिचा अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती फिरून एकमेकांना भिडलं, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं बोटांकडे पाहिलं, मग फुमेझाच्या तोंडाकडे, मग पुन्हा बोटांकडे. "अगं," ती म्हणाली. एवढंच. उद्याच्या मयतीच्या स्वयंपाकासाठी मंडपात जमलेल्या बायकांच्या सुऱ्या एकेक करून मंदावल्या. मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं, तेवढाच काय तो आवाज. फुमेझानं हात ओढून घेतला आणि बाही खाली ओढली, आणि ओढल्याबरोबर तिला कळलं की बाही खाली ओढायला नको होती. लपवायला काही नाही तो माणूस बाही कशाला ओढील? आता तिनं कितीही भोपळे सोलले तरी या बायकांच्या डोळ्यांसमोरून ती बाही खाली सरकतच राहणार. "कोबी कोण चिरतंय?" तिनं विचारलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तू राहू दे," म्हातारी मामटोलो म्हणाली, फार मायेनं म्हणाली. "तू बस जरा. दमली असशील."

दमली असशील! कामावरून येताना अर्धी वाट ती चालत आली होती, समुद्राकडच्या रस्त्यानं, आणि तिला दम लागला नव्हता. मागच्या वर्षी हॉटेलच्या धुलाईघरातून चादरींची गाडी ढकलत लिफ्टपर्यंत नेताना ती दोनदा थांबायची, भिंतीला टेकून आपण काहीतरी आठवतोय असं दाखवायची. आता थांबत नाही. हे कुणाला सांगायचं? सांगावं अशी एकच बाई होती आणि तिनंच मनगट मोजलं होतं. मंडपातून घरी परतताना फुमेझा भराभर चालत होती, मग तिच्या लक्षात आलं की कुणी मागून बघत असेल, आणि ती हळू झाली. मग हळू चाललो तर आजारी दिसू म्हणून पुन्हा भराभर. मदरवेल वस्तीतली घरांची ही ओळ सरकारनं एका साच्यातून काढली होती. तेच पत्रे, तेच दार, दोन घरांत एक भिंत. आत काय शिजतंय ते बाहेर कळायचं आणि कोण का जेवलं नाही तेही. वाऱ्याबरोबर वाळू येत होती. डोळ्यांत वाळू जाऊन पाणी आलं, तेही तिनं लगेच पुसून टाकलं, रडतेय म्हणतील म्हणून.

ती नि नोमाखाया एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायला आल्या तेव्हा दोघी नव्या नवऱ्या होत्या. फुमेझा काडीसारखी होती. गावाकडे बापाच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ आणि मका थोडा. पहिल्याच दिवशी नोमाखाया फडक्यानं झाकलेली ताटली घेऊन दारात उभी राहिली होती. "अगं, नुसती हाडं घेऊन आलीस नवऱ्याकडे? लोक म्हणतील मझोलीनं बायको भंगारातून आणली." ताटलीत वजडी होती आणि वाफेवरचा पाव. दोघी उंबऱ्यात बसून एकाच ताटलीत जेवल्या होत्या. पुढं फुमेझाच्या दंडाला खळ्या पडायला लागल्या, कंबर रुंदावली, तशी ओळीतल्या बायका तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, सासर मानवलं हो. आठवडाभर कारखान्यात राबणारा मझोली रविवारी तिला बरोबर घेऊन मुद्दाम मोठ्या रस्त्यानं चर्चला जायचा. तो स्वतः किडकिडीत होता, पण बायकोच्या अंगावर त्याची कमाई दिसत होती आणि ती तो सगळ्यांना दाखवत होता. तिलाही आवडायचं. आपल्या पावलांना वजन आहे, आपण चाललो की पोरं रस्ता सोडतात, आपल्या मांडीवर कुणाचंही रडतं मूल निजतं. मग मझोली गेला. कारखान्यात उभ्या उभ्या कोसळला. त्या थंडीत फुमेझाच्या तोंडात घास फिरेना, तेव्हा नोमाखाया रोज यायची, तिच्या खाटेवर बसायची, खाट करकरायची. पाव रश्श्यात बुडवून एक घास स्वतः खायची, एक हिच्या तोंडात घालायची. "मी खाते तर तू खा. तू नाही खाल्लंस तर मीही नाही. मग दोघी मेलो तर माझे विकायचे पिठाचे गोळे कोण तळणार?" असं करत करत तिनं फुमेझाला परत आणलं. ते अंग, जे आता उतरलं होतं, ते असं घासाघासानं चढवलेलं होतं. त्यातलं निम्मं नोमाखायाचंच होतं म्हटलं तरी चालेल. फुमेझाला आत्ता चालता चालता वाटलं, की मी कुणाची तरी ठेव परस्पर विकून टाकलीय. आणि लगेच तिचा तिलाच राग आला. अंग माझं आहे. डोळे माझे आहेत.

कारण डोळ्यांपासूनच तर सुरू झालं होतं. आई शेवटी गावात भिंत चाचपत फिरायची, नातीचा चेहरा बोटांनी वाचायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, वाढलीस गं. साखरेनं डोळे नेले होते. आणि गेल्या थंडीत दवाखान्यातल्या नर्सनं फुमेझाच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि तोच शब्द उच्चारला. त्या दिवसापासून फुमेझानं चहातली साखर सोडली, नोमाखायाचे सकाळचे तळलेले गोळे सोडले, घरी परतताना शेअर टॅक्सीतून अर्ध्यावर उतरून चालायला लागली. एवढंच तर केलं होतं. कुणाचा खून नव्हता केला. पहिले काही दिवस बायकांनी थट्टा केली. "कोण आहे गं तो?" "शेवटच्या ओळीतला विधुर तर नव्हे?" थट्टा चालली होती तोवर बरं होतं. मग एके सकाळी नोमाखायानं कागदात बांधलेले गरम गोळे अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून पुढं केले आणि फुमेझा म्हणाली, नको गं. नोमाखायाचा हात तसाच भिंतीवर राहिला. "एक?" "एकही नको. सांगितलं ना तुला, साखर आहे." "यात साखर कुठाय? यात पीठ आहे." "पिठाचीच होते." "असं? मग इतकी वर्षं मी तुला विष घालत होते म्हण की." ती हसत म्हणाली, पण हात मागं घेताना कागद तिच्या मुठीत चुरगळला. त्यानंतर तिनं गोळे पुढं करणं थांबवलं, आणि त्या न आलेल्या गोळ्यांचं असं काही ओझं फुमेझाच्या छातीवर येऊन बसलं की एकदोनदा तिला वाटलं, जाऊन मागून घ्यावेत. उभ्यानं खावेत. दोघींनी बोटं चाटावीत, आणि संपवावं हे सगळं.

शनिवारी मयतीला तर कहर झाला. मेलेली म्हातारी भरपूर जगून मेली होती, त्यामुळं रडणं बेताचं आणि जेवण मोठं होतं. मातीहून परतल्यावर फुमेझा नेहमीप्रमाणे मोठ्या पातेल्यापाशी उभी राहिली. मटण वाढणं हे तिचं काम, कितीतरी वर्षांचं. एक तरुण सून आली आणि तिच्या हातातला डाव अलगद काढून घेतला. "सिसी, तुम्ही बसा." सिसी म्हणजे ताईच, पण ते म्हणताना पोरीनं मान तिरकी केली, जशी आजाऱ्याच्या खाटेपाशी करतात. तिला खुर्ची दिली. लोक बाकांवर दाटीवाटीनं बसले होते आणि तिला पाठ असलेली खुर्ची. ताट आलं, त्यावर भात, मटणाचे चरबीचे तुकडे, बटाटे, बीट, भोपळा, आणि कडेला आणखी एक हाड कुणीतरी येताजाता ठेवून गेलं. ज्यानं त्यानं आपल्या ताटातलं काही ना काही तिच्या ताटात टाकलं. तिनं थोडं खाल्लं, बाकी ठेवलं. तिच्या ताटाकडे जेवढ्या नजरा गेल्या तेवढ्या नवऱ्या मुलीच्या ताटाकडे जात नसतील. शेवटी प्रवचनकारानं प्रार्थना केली. म्हातारीच्या आत्म्यासाठी केली, घरच्यांसाठी केली, आणि मग डोळे मिटूनच म्हणाला, "आणि प्रभो, आमच्यात जी कुणी मुकाट्यानं सोसते आहे तिलाही हात दे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. फुमेझानंही म्हटलं. म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं की ते आपल्याचसाठी होतं, आणि आपण त्याला होकार देऊन बसलो.

काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. तीन इंग्रजी अक्षरं. या ओळीत कुणी त्याचं नाव घेत नसे, नुसती तीन बोटं वर करत. गोळ्या यायच्या आधीच्या वर्षांत ओळीतली किती माणसं आधी गालांत बसली, मग कपड्यांत हरवली आणि मग याच मंडपाखालून गेली. तेव्हापासून इथं अंग उतरण्याला दुसरा अर्थच उरला नव्हता. मी ओरडून सांगितलं तरी ते म्हणतील, तीही असंच म्हणायची. नोमाखायाची धाकटी बहीणही म्हणायची, पोटाचं आहे, पोटाचं आहे. ती शेवटी इतकी हलकी झाली होती की नोमाखाया तिला एका हातावर उचलून उन्हात ठेवायची. फुमेझा भिंतीपलीकडून बघायची. आत्ता तिला तो हात आठवला, त्यावरचं पांघरूण आठवलं, त्यातून बाहेर आलेली टाच आठवली, आणि मनगट का मोजलं गेलं ते समजलं. पण समजून राग कमी झाला नाही, उलट जागा न सापडल्यासारखा फिरत राहिला. ज्यांनी घाबरावं त्यांनी घाबरावं. पण मी त्यांच्या भीतीपायी आंधळी होऊ का?

संध्याकाळी जोहान्सबर्गहून मुलीचा, अनेलिसाचा फोन आला. ती रडत होती. "आई, तू मला का नाही सांगितलंस? बाहेरच्या माणसाकडून कळायला हवं होतं का मला?" "काय कळलं तुला?" "जे सगळ्या ओळीला माहीत आहे ते." "अगं, साखर आहे मला. साखर! गेल्या थंडीतच बोलले होते तुझ्याशी." "आई, हल्ली गोळ्या मिळतात. लाज धरू नकोस. मी काही म्हणणार नाही तुला, बाबा नसल्यावर तू कुणाबरोबर…" फुमेझानं फोन कानापासून दूर धरला. पोटची पोर तिला क्षमा करत होती, आणि ज्याची क्षमा करत होती ते घडायला हवं होतं असं एक क्षण तिला वाटून गेलं. निदान क्षमेला तळ तरी लागला असता. "कोणी सांगितलं तुला?" "ते महत्त्वाचं नाही." "नोमाखायानं?" "ती रडत होती आई."

रविवारी चर्च सुटल्यावर त्या आल्या. लाल पोलकी, काळे झगे, पांढऱ्या टोप्या. चर्चमधल्या गुरुवारच्या महिला सभेच्या सगळ्या बायका, दारातून एकेक करून तिरक्या होऊन आत शिरल्या आणि खोली भरून गेली. खाटेवर, बाकड्यावर, उलट्या बादलीवर बसल्या. प्रत्येकीच्या हातात काहीतरी झाकलेलं. कोंबडी, वजडी, मका-घेवडा, आल्याचं गोड पेय. खोली वाफेनं आणि घामानं आणि मेणपॉलिशच्या वासानं कोंदली. नोमाखाया दाराजवळ उभी राहिली, आत आली नाही. मामटोलोनं गळा साफ केला. "माझ्या लेकी, आम्ही भांडायला आलो नाही. आम्ही तुझ्याच आहोत." "मला ठाऊक आहे, माय." "तुझं काय दुखतंय ते आम्हाला विचारायचं नाही." "विचारा ना! विचारा तरी! साखर आहे मला. नर्सनं सांगितलंय कमी खा, चाल. म्हणून मी कमी खाते. म्हणून मी चालते." बायकांनी माना हलवल्या, अगदी समजुतीनं. "साखर तर मलाही आहे," एकजण म्हणाली. "मलाही," दुसरी म्हणाली. "आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. पण आम्ही कुठं अशा वाळलो?" आणि हे बोलताना तिनं प्रामाणिकपणे आपल्या भरल्या दंडांकडे पाहिलं. फुमेझाला त्या खोलीतल्या एकेकीचं सगळं माहीत होतं. कुणाला जिना चढवत नाही, कुणाचा पाय सुजतो, कुणाला रात्रीतून पाचसहादा उठावं लागतं. त्या सगळ्या मिळून आजारी होत्या आणि म्हणून त्यातली एकही आजारी नव्हती. आजारी ती एकटी, कारण ती एकटी बरी होत चालली होती.

"द्या," ती म्हणाली. "वाढा मला. कशाला आणलंय? वाढा." रागानंच म्हणाली ती, पण त्यांना राग ऐकूच आला नाही. चारपाच हात एकदम पुढं झाले. ती खायला लागली. कोंबडीची तंगडी, मग वजडी, मग मका-घेवडा, ती कुणाकडे न बघता खात गेली, घास न चावता, तुम्हाला हवं ना हे, घ्या, बघा. कुणीतरी हळूच गाणं धरलं, दुसरीनं त्याला खालचा सूर दिला, पायांनी ठेका सुरू झाला, पत्रे थरथरायला लागले. मामटोलो डोळे पुसत होती. फुमेझाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या, गरम मांड्या तिला लागून होत्या, पाठीवर कुणाचा तरी हात फिरत होता, जिभेवर चरबी विरघळत होती, आणि तिच्या आत काहीतरी सैल पडायला लागलं. कित्येक महिन्यांत तिला कुणी असा हात लावला नव्हता. इतकं बरं वाटत होतं की तिला ओरडावंसं वाटलं. हे असं बरं वाटायला नको होतं. निदान घास तरी कडू लागायला हवा होता. तिनं ताट पुढं केलं आणि त्यांनी पुन्हा वाढलं.

सगळ्या गेल्यावर नोमाखाया भांडी घासायला मागं राहिली. न विचारताच राहिली. नोमाखाया पाठमोरीच म्हणाली, "अनेलिसाला मीच फोन केला होता." "कळलं मला." "रागावलीस?" "हो." "रागव. पण जेवलीस." तिनं शेवटचं पातेलं उपडं घातलं आणि उलट्या बादलीवर बसकण मारली. "बाई, हे बूट म्हणजे शिक्षा आहे." तिनं उजवा बूट ओढून काढला. पांढऱ्या मोज्याच्या तळाशी पिवळट, ओला डाग होता. फुमेझा ताटावरून उठली. पोट इतकं गच्च होतं की वाकवेना, तरी ती वाकली, मोजा सोलून काढला. चवड्याच्या वर भाजल्याची जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे ओल. वास येत होता.

"हे काय गं?"

"कुठं काय? तेल उडालं असेल."

"असेल? तुला ठाऊक नाही कधी उडालं?"

"दुखतच नाही तर ठाऊक कसं असणार? माझी कातडी गेंड्याची आहे. तुझ्यासारखी कागदाची नाही." ती हसली.

फुमेझा तिथंच फरशीवर बसली आणि पाय मांडीवर घेतला. जड, सुजलेला, गार पाय. दवाखान्यात नर्सनं तिला डोळे मिटायला लावले होते आणि एक बारीक तार तळव्याला टेकवत विचारलं होतं, आता लागतंय? आता? लागतंय, ती प्रत्येक वेळी म्हणाली होती, आणि नर्स म्हणाली होती, छान, साखरेत ज्यांच्या पायाला लागत नाही त्यांचं अवघड असतं. "नोमाखाया, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"उद्या सोमवार. सोमवारी गिऱ्हाईक असतं."

"मग परवा."

"अगं, तुझ्याबरोबर त्या रांगेत?" नोमाखाया खरंच दचकली. मग तिनं फुमेझाच्या डोक्यावर हात ठेवला, जरा लाजून. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण दोघींनाही आहे म्हणतील. मग माझ्या हातचं कोण खाईल, सांग?"

फुमेझाला बोलायचं होतं. पण तिच्या पोटात तो सगळा रविवार दगडासारखा बसला होता आणि ज्या तोंडानं बोलायचं त्याला अजून चरबीची चव होती. तिनं फडक्याच्या ओल्या टोकानं जखमेची कड पुसली. वर नोमाखाया मोकळी झाली होती, कबुली देऊन झाली होती, मैत्रीण जेवली होती. तिनं शुक्रवारची अर्धी राहिलेली सुनेची गोष्ट पुन्हा काढली. कुठल्याशा जुन्या मयतीत ती सून कशी डोळ्यांना कांदा लावून आली, सासूच्या पेटीवर कशी पडली, आणि कुणीतरी मागून कसं म्हणालं, सावकाश गं, झाकण उघडेल. फुमेझानं अंगठ्याचं नख तिच्या तळव्यावर ठेवलं आणि दाबलं. मऊ मांसात नख बुडालं. तिनं आणखी दाबलं, स्वतःचं बोट दुखेपर्यंत, आणि वर पाहिलं.

"ऐकतेस ना?" नोमाखाया म्हणाली, डोळ्यांतलं हसण्याचं पाणी पुसत. "पुढं तर ऐक."